सुखाला दाखला कशाला?

आपल्याकडे दुःखाला कोणी दाखला विचारीत नाही. माणूस कपाळाला हात लावून ओट्यावर बसला, तर येणारा-जाणारा थांबतो, पाणी देतो, धीराचे दोन शब्द बोलतो. तोच माणूस भर सोमवारी बांधावरच्या बोरीखाली पाय पसरून बोरे खाताना दिसू द्या, पहिला प्रश्न येतो, "काय हो, आज काम नाही वाटते?" मग त्या बिचाऱ्यालाही अपराध्यासारखे होते. तो घाईघाईने सांगू लागतो, की रजा शिल्लक होती, डॉक्टरांनी हवापालट सांगितला आहे, बोरांत जीवनसत्त्वे असतात. बोरे गोड होती म्हणून खाल्ली, हे एक खरे कारण तेवढे त्याच्या तोंडून निघत नाही.

सुखापाशी दाखला मागण्याची ही जी रीत आपल्यात रुजली आहे, तिच्याशी माझे भांडण आहे. चार दिवस रानात जाऊन राहावे, एखाद्या निरुपयोगी गोष्टीचा मनाला नाद असावा, चार माणसांत बसून चवीने पोटभर जेवावे, ही काम चोख झाल्यावर मिळावयाची बक्षिसे आहेत, असे आपण धरून चाललो आहोत. मला हे मान्य नाही. भाकरीवर आणि मजुरीवर माणसाचा जसा हक्क आहे, तसाच यांवरही आहे. आणि ज्याच्या वाट्याला ही सुखे येत नाहीत, त्याचे कोणीतरी काहीतरी हिरावून घेतलेले असते.

दाखला मागणाऱ्यांत पहिला मान गंभीर मंडळींचा. जग जळत असताना तुम्हाला थालीपिठाचा खमंगपणा सुचतो तरी कसा, असा त्यांचा सवाल असतो. लेखकाला चव कळली, म्हणजे त्याला विचार कळत नाही, असा त्यांनी आपल्यापुरता सिद्धान्त करून ठेवला आहे. अशांपुढे मी दुर्गाबाई भागवतांचे नाव ठेवतो. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऋतुचक्रा'त या बाईंनी बाराही महिन्यांची झाडे, फुले, पाखरे आणि आभाळ डोळे भरून पाहिले. स्वयंपाकावरही त्यांनी हौसेने लिहिले. आणि १९७५ साली, भले भले गंभीर लोक खाली माना घालून बसले असताना, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या याच अध्यक्षा आणीबाणीविरुद्ध उघड उभ्या राहिल्या. १९७६ साली त्यांना तुरुंगात जावे लागले. फुलांकडे पाहिल्याने त्यांचा कणा मऊ पडला नाही. माझा तर्क उलटा आहे. ज्याला जगण्याची गोडी ठाऊक असते, त्यालाच ते जगणे कोणी मुठीत धरू पाहत असल्याचे चटकन उमगते.

दुसरा वर्ग हिशेबी लोकांचा. तो अधिक बलवान आहे, कारण पगार त्याच्या हातून सुटतो. २०२३ च्या ऑक्टोबरात एका मोठ्या उद्योगपतींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका बड्या अधिकाऱ्याने तो आकडा ९० वर नेला, आणि रविवारी घरी बसून बायकोचे तोंड किती वेळ पाहणार, अशीही पृच्छा केली. ९० तासांना सातांनी भागले, तर रोजचे जवळजवळ १३ तास होतात. झोप, आंघोळ आणि गाडीतले उभे राहणे वजा जाता उरलेल्या वेळात तोंड पाहता येईल ते फक्त आरशातले, तेही दाढीपुरते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आमच्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवू देण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण बारा तास यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस घरी पोचतो तेव्हा त्याच्या लेकराची झोप लागून गेलेली असते, ही गोष्ट कोणत्या कलमात बसवावयाची?

या मंडळींना मुंबईचाच इतिहास कोणीतरी वाचून दाखवावा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. कामगार तेव्हा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणीत राबत होते. त्यांच्या मागण्यांत पगार वेळेवर मिळावा आणि जायबंदी झालेल्याला मदत मिळावी, या गोष्टी होत्याच. पण त्यांच्या जोडीला दर रविवारी पूर्ण विसावा आणि दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी याही मागण्या होत्या. ज्यांच्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती, त्यांनी भाकरीबरोबर ती खाण्यापुरता वेळ मागितला. मला ही मागणी फार मोठी वाटते. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार; पण तो गिरणगावाला मिळाला तो खंडोबाच्या कृपेने नव्हे, मजुरांच्या एकीने मिळाला. ज्यांनी तो मिळविला त्यांतले बहुतेक निरक्षर होते. तो परत करा म्हणणारे आज उच्चविद्याविभूषित आहेत. मॅट्रिकच्या पुढे मी गेलो नाही, याचे मला अशा वेळी वाईट वाटत नाही.

हिशेबी माणसाचे खरे उत्तर मात्र शेतात आहे. शेतकऱ्याइतका हिशेबी प्राणी दुसरा नाही. पाऊस, बियाणे, खत, मजुरी, बाजारभाव यांची बेरीज-वजाबाकी त्याच्या डोक्यात झोपेतही चालू असते. असा हा माणूस पौषाच्या सुमारास काय करतो पाहा. रब्बीच्या ज्वारीचे कणीस भरत आलेले असते, दाणा दुधातून चिकात आलेला असतो. हिरवा, मऊ आणि गोड. ही अवस्था मोजक्या दिवसांची. पुढे दाणा टणक होतो आणि हुरड्याचे धान्य बनते. म्हणजे आज हुरडा खाणे याचा अर्थ, उद्या खळ्यावर येणारे धान्य आधीच खाऊन टाकणे. शहाण्यासुरत्या हिशेबाने हा शुद्ध तोटा आहे. तरीही सोलापूर-मराठवाड्याकडचा शेतकरी तो दरसाल करतो; इतकेच नव्हे, तर गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीच्या चार ओळी खास हुरड्यासाठी म्हणून वेगळ्या पेरतो. पेरतानाच त्याने आपल्या सुखाची तरतूद करून ठेवलेली असते. कामाच्या शेवटी सुख, असा त्याचा क्रम नाही. कामाच्या मधोमध ते ओळीने उगवलेले असते.

मग बांधाशेजारी खड्डा खणून आगटी करावयाची, गोवऱ्यांचा विस्तव फुलवावयाचा, कणसे निखाऱ्यांत खोचावयाची, गरम गरम हातावर चोळावयाची आणि फुंकर घालून कोंडा उडवावयाचा. तळहात लाल होतो, बोटे काळी होतात. सोबत लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, वर गाडग्यातले ताक. शेजारच्या शेतातला हाक मारल्याशिवाय येतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. एकट्याने हुरडा खाल्ल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

याच्याही पुढची गोष्ट लातूर-धाराशिवकडची. दिवाळीच्या अमावास्येनंतरची दुसरी, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या तिकडे वेळ अमावास्या म्हणून पाळतात. लोकांच्या तोंडी ती येळवस. त्या दिवशी गावेच्या गावे शेतात जातात. कडब्याची कोप उभारून पूजा होते, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल असे जेवण. लातूरसारख्या शहराचे रस्ते त्या दिवशी ओस पडतात. ज्याला शेत नाही, तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा असतो. आमंत्रणाची वाट पाहावयाची पद्धत नाही. हवापालटाचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. त्याला ना तिकीट, ना खोलीचे भाडे. आणि त्या दिवसाने शेतीचे नुकसान झाले असे आजवर एकाही शेतकऱ्याने म्हटलेले नाही.

व्यापाऱ्यांची गोष्ट मी थोडक्यात उरकतो. हुरड्याचे आता तिकीट निघाले आहे. माणशी अमुक रुपये, सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, मधे बैलगाडीची फेरी. त्यातून शेतकऱ्याच्या पदरी दोन पैसे पडत असतील, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. ज्वारीच्या भावात ते पडत नाहीत हे मला ठाऊक आहे. मात्र गिऱ्हाईकाला एक विचारावेसे वाटते. पैसे मोजून आगटीपाशी बसल्यावर हातातले कणीस निवेपर्यंत तुम्ही त्याचे फोटो काढीत राहता, ते कोणासाठी? सोमवारी कचेरीत दाखविण्यासाठीच ना? म्हणजे पुन्हा दाखलाच. निवलेल्या कणसाचा दाणा सुटत नाही, हे आगटीजवळचे पोरही तुम्हाला सांगेल.

आता माझ्या व्यवसायाकडे वळतो. शाळेत छापील अर्जावर 'विद्यार्थ्याचा छंद' असा रकाना असतो आणि पन्नासांपैकी चाळीस मुले त्यात 'वाचन' असे लिहितात, कारण ते घरच्यांना चालते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला सुगरणीच्या घरट्यांचा नाद. विहिरीवरच्या बाभळीला किती घरटी लोंबतात, त्यांतली पुरी किती, अर्धवट सोडलेली किती, याची त्याने वहीत नोंद ठेवली होती. घरटे विणतो तो नर, मादी येऊन पाहते, आणि तिला पसंत पडले तरच ते पुरे होते, हे त्याने कोणत्याही पुस्तकावाचून ओळखले होते. आपण त्या पाखराला बायकी नाव देऊन बसलो आहोत, हे सांगताना त्याला फार हसू येई. त्याच्या वडिलांनी मला येऊन एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, याला मार्क किती?" मी म्हटले, शून्य. वहीची रद्दी झाली, मुलगा शिकवणीला गेला. सुट्टीतल्या छंदवर्गाचे रंगीत प्रमाणपत्र आता त्याच्या घरी भिंतीवर आहे. पाखरे कोठे आहेत, मला ठाऊक नाही.

येथे माझ्याच बाजूचे लोक मला एक शस्त्र पुढे करतात. ते म्हणतात, छंदातूनच मोठी कामे होतात हे सांगा. पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण द्या. उदाहरण उत्तम आहे. चष्म्यांचा धंदा करणाऱ्या या कवीने १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, दरवाजे. गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि पुढे ते सरकारच्या स्वाधीन केले. पण मी हे शस्त्र वापरणार नाही. केळकरांनी पहिला अडकित्ता उचलला तेव्हा संग्रहालयाचा आराखडा त्यांच्या खिशात नव्हता. तो अडकित्ता त्यांना सुंदर वाटला होता. संग्रहालय झाले नसते, तर त्यांचा नाद कमी प्रतीचा ठरला असता काय? आगपेटीवरची चित्रे जमवून पत्र्याच्या डब्यात ठेवणारा आणि तो डबा मागे ठेवून मरणारा कारकूनही मला तितकाच मान्य आहे. उपयोगाच्या जोरावर छंदाची वकिली केली, की खटला आपण आधीच हरतो.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवितो, आणि तो गंभीर मंडळींनी कधी घेतलेला नाही. तो आमच्या घरांतल्या बायका घेतात, तोही न बोलता. सुग्रास जेवणाची वर्णने पुरुषांनी पुष्कळ लिहिली. ऊन भात, त्यावर वरण, तुपाची धार. ते वाढणारा हात कोणाचा होता, आणि त्या हाताची धनीण शेवटी गार पोळी आणि तळाची आमटी घेऊन एकटीच कधी जेवली, हे त्या वर्णनांत येत नाही. चौघांच्या सुखासाठी पाचवी चुलीपाशी घामाघूम होत असेल, तर ते सुख साधे नव्हे. त्याची किंमत कोणीतरी चुकती करीत आहे, एवढाच अर्थ. हुरड्यावर माझा जीव आहे, याचे हेही एक कारण. आगटीपाशी बहुधा पुरुष बसतो, कणसे भाजतो, चोळतो आणि बायकापोरांच्या हातावर दाणे ठेवतो. चटणी आधीच कुटलेली असते आणि ती बाईनेच कुटलेली असते, हे खरे. पण निदान त्या दुपारी ती उन्हात बसून खाते, आणि गरम खाते.

तेव्हा माझ्या मागण्या तीन आहेत. कामगाराच्या आठवड्यात एक अख्खा दिवस असा असावा, की ज्याला कोणत्याही साहेबाचा फोन शिवणार नाही. शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असावा, की ज्याला गुण नाहीत, स्पर्धा नाही आणि प्रमाणपत्र नाही. आणि प्रत्येक घरात आठवड्यातून एक जेवण असे असावे, की जे रांधणारीला पहिल्या पंगतीत आणि ऊन मिळेल. यासाठी सरकारी खजिन्यातून एक पैही नको. पहिलीसाठी मालकाची हाव, दुसरीसाठी पालकाची धास्ती आणि तिसरीसाठी आपल्या पुरुषांचा आळस तेवढा कमी व्हावयास हवा. यांतली तिसरी गोष्ट तर याच दिवाळीत, फराळाच्या ताटापासून करता येईल. तिला ना मंत्रिमंडळाची मान्यता लागते, ना मुख्याध्यापकांची सही.