फळ, चीज आणि मंद आंच

फ्रान्समधील ब्री प्रांताचें मऊ चीज व सफरचंदाच्या पातळ चकत्या पावाच्या दोन कापांत घालून तव्यावर भाजतात. हें चीज परंपरेनें वासराच्या जठरांतील रेनेटानें घट्ट करितात, असें कळल्यावर कित्येक शाकाहारी घरीं त्याऐवजीं पनीर घालतात. त्यांच्या हेतूचा आम्ही आदर करितों. उपाय मात्र आम्हांस पटत नाहीं. आम्लानें नासविलेल्या दुधाचें पनीर तव्यावर वितळत नाहीं, आणि फळाच्या चकत्या पहिल्याच घासाला निसटतात. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटाचें मऊ चीजहि आज मिळतें. वेष्टन वाचून तेंच घ्यावें. वरची पांढरी साल खाण्याजोगी असते, ती सोलूं नये. आंच मंद असावी. घाईनें आम्हीं एकदां पाव करपविला, नि आंत चीज थंडच राहिलें!