खुंटीपाशी गेलेली वीस मिनिटे

कारखान्याच्या दारातून आत शिरलेला कामगार अंगातला सदरा काढून खुंटीला अडकवितो आणि कारखान्याचा गणवेश अंगावर चढवितो, तेव्हा त्या दहा मिनिटांचा धनी कोण? कामगार की मालक? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचण्याजोगा तर तो मुळीच नाही, असेही काहींना वाटेल. परंतु वाचकहो, आज ज्या घरांतून चकल्या-करंज्यांचे डबे भरले आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांचा कर्ता माणूस रोज अशाच एखाद्या खुंटीपाशी उभा असतो. म्हणून हा प्रश्न घरचाच आहे. आणि त्याचे माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकतो. ज्याला गणवेश हवा, त्याने तो चढविण्या-उतरविण्याच्या वेळेचे दाम मोजले पाहिजेत.

मी कायदेपंडित नव्हे. शाळेत मुलांना त्रैराशिक शिकविणारा मास्तर आहे. तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करू. पाळीच्या आधी दहा मिनिटे आणि पाळी सुटल्यावर दहा, अशी दिवसाची वीस मिनिटे धरा. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरा. गुणाकार ६,००० मिनिटांचा होतो; म्हणजे १०० तास; म्हणजे आठ तासांचे साडेबारा दिवस! पाच दिवसांची दिवाळी वर्षातून अडीच वेळा साजरी करता येईल एवढा हा वेळ. एखाद्या मालकाने कामगाराला सांगून पाहावे, की बाबा रे, यंदा साडेबारा दिवस फुकट राबून जा. कारखान्याच्या दाराशी दंगल उसळेल. तेच साडेबारा दिवस रोज चिमूट-चिमूट उचलले, की कोणाला पत्ता लागत नाही. वाण्याने तराजूत मारलेले माप असेच असते.

आता ही मिनिटे कशात जातात ते पाहू. औषधांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला सगळा क्रम सांगितला. बाहेरच्या चपला एका खोलीत सोडावयाच्या, बाहेरचे कपडे दुसऱ्या खोलीत. हात धुवावयाचे. मग कारखान्याचा पोशाख, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, दाढी असेल तर तिलाही झाकण, पायांत निराळी पादत्राणे. जेथे जंतुरहित औषधे भरतात तेथे आणखी एक पोशाख वेगळा. हे सारे त्याच्या हौसेखातर चालते काय? औषध कारखान्यांसाठी सरकारने केलेल्या नियमांतच कपडे बदलण्याच्या खोल्या सांगितल्या आहेत. त्या पोशाखावाचून मालकाची एक गोळीसुद्धा बाजारात जावयाची नाही.

बॅटरीच्या कारखान्याची गोष्ट तर याहून गंभीर. तेथे शिसे असते, गंधकाचे आम्ल असते. शिशाची धूळ कपड्यांवर बसते, केसांत बसते, नखांत बसते. कामगार तशाच कपड्यांनी घरी गेला तर ती धूळ त्याच्याबरोबर घरी जाते. बापाच्या मांडीवर उडी घेणाऱ्या पोराच्या पोटात ती जाते. ते कपडे धुणाऱ्या बायकोच्या श्वासात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे. म्हणून पाळी सुटल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच बाहेर पडावे लागते. या आंघोळीला कोणी अभ्यंगस्नान म्हणणार असेल तर त्याच्या रसिकतेला माझा नमस्कार! ही आंघोळ कामाचाच शेवटचा भाग आहे. विष ज्याच्या धंद्याचे, ते धुऊन काढण्याचा वेळही त्याच्याच खात्यावर पडला पाहिजे.

हा तंटा नवा नाही. अमेरिकेत १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मिशिगनमधल्या एका चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यातील कामगारांच्या दाव्यात सांगितले, की दारापासून कामाच्या जागेपर्यंत चालणे, एप्रन बांधणे, हातांना तेलकट लेप लावणे, हाही कामाचाच वेळ होय. झाले! दाव्यांचा पूर आला, मालकवर्ग हादरला, आणि पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, कायदा करून ती वाट बरीचशी बुजविण्यात आली. तरीही १९५६ साली टेनेसीतील बॅटरी कामगारांचा दावा आला तेव्हा त्याच न्यायालयाला मान्य करावे लागले, की तेथे कपडे बदलणे आणि आंघोळ करणे हा मुख्य कामाचा अविभाज्य भाग आहे; त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पुढे २०१४ साली मात्र एका वखारीतल्या कामगारांना त्याच न्यायालयाने एकमताने रिकाम्या हाताने परत पाठविले. पाळी सुटल्यावर चोरी झाली नाही ना, हे तपासून घेण्यासाठी रोज सुमारे २५ मिनिटे उभे राहावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःच्या निर्दोषपणाची परीक्षा द्यावयाची, तीही स्वतःच्या वेळात!

आपल्याकडचे काय? १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरविले, धुण्याची सोय सांगितली, बाहेरचे कपडे ठेवण्याची आणि ओले कपडे वाळविण्याची व्यवस्था सक्तीची करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. त्या कायद्याने खुंटी दिली. खुंटीपाशी जाणाऱ्या मिनिटांचा भाव मात्र सांगितला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता आली आहे. तिच्यात दिवसाचे आठ तास आहेत, जादा कामाला दुप्पट दर आहे. पण आठ तास मोजावयाचे ते खुंटीपासून की यंत्रापासून, यावरच सारे अवलंबून आहे.

यावर मालकपक्षाचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा, की पाच-दहा मिनिटांचे काय मोठेसे? उत्तम. मग कामगाराला यायला पाच मिनिटे उशीर झाला म्हणजे ती मिनिटे एकाएकी मोठी कशी होतात? १९३६ च्या वेतन कायद्याने गैरहजेरीच्या प्रमाणात पगार कापण्याची मुभा मालकाला दिली होती. तेव्हा मिनिटे मोजता येत नाहीत असे नव्हे. ती एकाच बाजूने मोजली जातात.

दुसरा आक्षेप असा, की उद्या कामगार घरून निघाल्यापासूनचे पैसे मागेल, दात घासण्याचेही मागेल. हा केवळ वितंडवाद आहे. मी धोतर नेसून शाळेत गेलो काय आणि पाटलोण घालून गेलो काय, ते माझे मी ठरवितो. त्याचे पैसे मी मागत नाही. जो वाहक खाकी कपडे घरूनच सहज घालून येऊ शकतो, त्याचाही मोठा दावा मी मांडणार नाही. कसोटी सोपी आहे. पोशाख कोणी ठरविला? तो कामाच्या जागीच चढवावा-उतरवावा लागतो काय? आणि त्यावाचून काम चालते काय? मालकाने ठरविला, तेथेच बदलावा लागतो आणि त्यावाचून काम चालत नाही, अशी तिन्ही उत्तरे आली तर तो वेळ कामाचाच.

तिसरा आक्षेप, की कामगार खुंटीपाशी गप्पा छाटीत बसतील. बसतील त्यांच्यासाठी हिशेबी वेळ ठरवा. दोन्ही बाजूंनी मिळून घड्याळ लावून पाहा. दहा मिनिटे लागत असतील तर दहाच द्या, बारावे मिनिट ज्याचे त्याला लखलाभ. आणि चौथा आक्षेप, की हे सारे पगारात आलेलेच आहे. आले असेल तर नेमणुकीच्या कागदावर तसे एक वाक्य लिहून द्या. ते वाक्य लिहिताना लेखणी अडखळते, यातच सगळे आले.

राहता राहिला उद्योगधंद्यावरच्या बोज्याचा प्रश्न. बॉयलर तापून वाफ धरीपर्यंत माल निघत नाही. म्हणून त्या वेळेपुरते इंधन कोणी फुकट मागतो काय? ते मालाच्या किमतीत धरले जाते. यंत्र तयार होण्याचा खर्च हिशेबात आणि माणूस तयार होण्याचा वेळ मात्र हिशेबाबाहेर, हा कोणता न्याय?

याच मुंबईत एके काळी गिरणी कामगाराला आठवड्याची सुटीही ठाऊक नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागितली, आणि १८९० साली रविवार मिळाला. त्याही वेळी धंदा बुडेल म्हणून ओरड झाली होती. धंदा बुडाला नाही. आज रविवार कोणाला उपकार वाटत नाही. या वीस मिनिटांचेही तसेच होईल, पण मागितल्यावाचून नव्हे.

पाडव्याला पुष्कळ पेढ्यांवर नवी वही उघडतात आणि गंध-फूल वाहून तिची पूजा करतात. जमाखर्च चोख राहावा एवढाच त्या पूजेचा अर्थ आहे. ज्यांच्या वहीत कामगारांची ही मिनिटे अजून जमा झालेली नाहीत, त्यांनी यंदा ती पहिल्या पानावर लिहावीत. देणे फेडल्यावाचून पुजलेली वही लक्ष्मीला आवडत असेल, असे मला तरी वाटत नाही.