साहेब गेला, हिरवळ राहिली

परमुलखात बिऱ्हाड केलेल्या मनुष्यास मायदेशाची आठवण आधी जिभेला होते, मग अंगणाला. हिंदुस्थानातील छावण्यांतून गोऱ्या साहेबाने बंगल्यापुढे हिरवळ राखली, ती याच ओढीने. त्याच्या देशी हिरवळीस आभाळ पाणी घालते. येथे ते काम माळ्याच्या व भिस्त्याच्या गळ्यात पडले. त्याच्या विरहाची थट्टा आम्हांस करावयाची नाही. परंतु साहेब 1947 साली गेला. त्याची हिरवळ आम्ही अजून सांभाळतो, ती कोणत्या विरहाने?

अहमदनगर, 2024 पासूनचे अहिल्यानगर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. उन्हाळ्यात हिरवळीस दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, आणि हे हात राखूनच धरले आहे, तरी शंभर चौरस मीटरांस रोज 500 लिटर लागतात. त्याच दिवसांत पाथर्डी-पारनेरकडील बाया टँकरची वाट पाहत असतात. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मगच पिके ठरविते. खेड्याला जे सुचले ते शहरातील पदवीधरांस सुचू नये काय?

‘म्हणजे बागाच नकोत!’ असा आक्षेप येईल. नगरासारख्या शहरात तो शोभत नाही. निजामशाहीच्या दरबारीही इराणी-तुर्की परदेशी होतेच. त्या काळचा फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध उभा राहिला; विलासच तो, परंतु त्यासाठी खापरी नळांनी पाणी आणण्याची योजना केलेली होती. नेहरू 1942 ते 1945 येथील किल्ल्यात बंदिवान होते. पडक्या बांधकामाच्या दगडमातीने भरलेली जमीन त्यांनी स्वतः खणून फुलांचे वाफे केले. आमचे गृहस्थ मात्र गच्चीवरून माळ्यास हुकूम सोडतात!

परकेपणाशी आमचे भांडण नाही. सदाफुली मुळची मादागास्करची. पण येथल्या उन्हाशी तिने जमवून घेतले, आणि आज तिला परकी कोण म्हणेल? हिरवळीने मात्र साहेबी हट्ट सोडला नाही. मुलांना खेळावयास जागा हवी असेल तर कडुनिंबाखाली मुरूम टाकावा. कुंपणाला कोरांटी लावावी. कोरांटीने पाहुण्यांपुढे कमीपणा येतो असे ज्यांस वाटते, त्यांनी एकदा चैत्रात पाथर्डीकडून पाहुणे बोलवावेत आणि त्यांच्यादेखत हिरवळीवर नळी सोडून दाखवावी.