प्रस्ताव नेण्याआधी विहीर मोजा



वार्षिक सभेत नवा प्रकल्प निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "शिष्टमंडळ मुंबईला जाऊन पटवून देईल." टाळ्या पडतात, ठराव मंजूर होतो. पटवून द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी विचारत नाही. बोलका माणूस पुढे घातला की काम फत्ते, असा आपला समज आहे. मला तो मान्य नाही, आणि त्याला माझं स्वतःचं कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सात कास्तकार सामाईक पाइपलाइनीच्या कर्जासाठी एका बँकेत गेलो. फाईल जाडजूड होती. सातबारे, नकाशा, कोटेशन, वर एका पुढाऱ्याचं शिफारसपत्र. आमच्यातल्या वक्त्याने देशाच्या प्रगतीपासून सुरुवात केली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मे महिन्यात विहिरीवर मोटार किती वेळ चालते?" एक म्हणाला चार तास. दुसरा म्हणाला, पाणी भरपूर आहे साहेब. तिसरा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. खरं म्हणजे कोणी मोजलंच नव्हतं! कर्ज मिळालं नाही. बाहेर चहा पिताना आम्ही त्या साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या. आज वाटतं, त्याचं काय चुकलं? वर्ध्याच्या उन्हाळ्यात ऊस जगतो की वाळतो, हे त्या एका प्रश्नावरच तर ठरतं.

सहकारी साखर कारखानदारीचा पहिला मोठा प्रस्ताव प्रवरेकाठचा. डिसेंबर 1945 मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा ही कल्पना तिथे बळावली. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी ती अंगावर घेतली. शिक्षण बेताचं, पण 1923 पासून गावात सहकारी पतपेढी चालवलेला माणूस. भागभांडवलासाठी ते गावोगाव फिरले. शेअरचा पैसा मागायला हा माणूस दारात आला, तेव्हा त्याचा वीस-बावीस वर्षांचा व्यवहार लोकांना ठाऊक होता. तिकडे सरकारदरबारी गाडगीळांचा शब्द आणि त्यांचे आकडे होते. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता स्वतः सहकारातले, म्हणून ऐकणाराही जाणता मिळाला. 1948 साली नव्याने निघालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं आणि 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झालं. आधी आपल्या लोकांचा पैसा उभा राहिला, मग बाहेरचा मागितला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या प्रकल्पात सभासद स्वतःचे दोन पैसे घालायला तयार नाहीत, त्यात बँकेने का घालावेत?

आता थोडं कडू बोलतो. कास्तकार विचारतो, माझ्या उसाला भाव काय आणि पैसे कधी? बँकवाला विचारतो, ऊस किती, गाळप किती दिवस, पाऊस दगा देऊन गेला तर हप्ता कुठून भराल? प्रश्न वेगळे, तेव्हा सांगण्याची रीतही वेगळी असणार. आकडे मात्र तेच राहिले पाहिजेत. होतं काय, की सभेत सांगायचं भाव वाढवून देऊ, आणि कर्जाच्या कागदात उसाची किंमत कमी धरायची. दोन्हीकडे माना डोलतात. तिसऱ्या हंगामात हिशेब जुळत नाही, तेव्हा उसाचं बिल थकतं ते आपलंच.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रस्तावातली दुबळी बाजू आपणच आधी सांगावी. इथेनॉलचंच पाहा. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने 2023-24 साठी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, आणि पूर्ण मोकळीक मिळाली 2024 च्या ऑगस्टमध्ये. तोवर तो हंगाम निघून गेला होता. हे बँकेच्या माणसाला पाठ असतं. "पुन्हा असं झालं तर आम्ही मळीवर इतके दिवस चालवू, हप्त्याला इतके कमी पडतील, ते अमुक निधीतून भरू," हे त्याने विचारण्याआधी सांगितलं, तर पुढचं तो विश्वासाने ऐकतो.

मगनवाडीत बसून ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे कुमारप्पा मूळचे हिशेब तपासनीस. वर्ध्याला येण्याआधी त्यांनी गुजरातेत मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती. गावात फिरून जमवलेल्या आकड्याला वजन असतं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांना हे नव्याने कशाला सांगायचं?

जाताना सहा जण कशाला, दोन पुरेत. एकाने बोलावं, शेतकी अधिकाऱ्याने नोंदवही घेऊन शेजारी बसावं. कागद दोन पानांचा, बाकी गठ्ठा मागितला तर द्यावा. माहीत नसेल तर "आठ दिवसांत कळवतो" म्हणावं आणि खरंच कळवावं. हार, शाल, नारळ घरीच ठेवावेत. आणि निघण्याआधी तेच बोलणं गावच्या पारावर, सगळ्यात खवट सभासदासमोर एकदा म्हणून पाहावं. तो जे प्रश्न काढील ते मुंबईचा साहेबसुद्धा काढणार नाही.

पण बाप्पा, ही नोंदवही लिहितो कोण? आपणच. आठ एकर नोंदवायचे, पाच लावायचे, आणि त्यातला दोनाचा ऊस चार पैसे जास्त मिळतात म्हणून गुऱ्हाळाला घालायचा. मग शिष्टमंडळाने तिथे काय सांगावं?

शेतकी खात्याकडून यंदाचा नोंदणीचा फॉर्म आला. माझ्या वावरात ऊस दोन एकर, तेवढाच लिहिला. या मे महिन्यात घड्याळ लावून पाहिलं होतं, मोटार दीड तास चालली. पाण्याच्या रकान्यात तेच लिहून दिलं.