अर्ज कशाला हवा?

माहिती अधिकाराचा विषय निघाला की आम्हा पारनेरकरांची छाती जरा फुगतेच. राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यातलं ना! ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि राज्याचा कायदा अमलात आला. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, देशाचा आला.

अभिमान ठीक आहे हो. पण मंडळी, या कायद्याचा आपण अर्धाच भाग लक्षात ठेवला, आणि तोही कार्यालयांच्या सोयीचा. अर्ज, दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवस हे सगळ्यांना पाठ. (२०१२ पासून आपल्या राज्यात तो अर्जही एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांतच बसवायचा!) कलम ४ कुणाला आठवतं? त्यात सांगितलंय की कार्यालयाने सतरा प्रकारची माहिती आपणहून जाहीर करायची. आणि एवढी माहिती खुली ठेवायची, की लोकांना या कायद्याचा आधार घ्यायची वेळ कमीत कमी यावी. म्हणजे जितके अर्ज जास्त, तितकं कार्यालय नापास.

आपल्याकडे उलटंच. मध्यंतरी एका कार्यालयात (नाव नको) रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक नुसतं बघायला मागितलं, तर समोरचे भाऊसाहेब म्हणाले, "माहिती अधिकारात टाका ना." घ्या! दार उघडायला आणलेल्या कायद्याचीच कडी लावून मोकळे.

बरं, ही माहिती त्यांच्या तरी हाताशी असते का? बहुतेक वेळा ती एका माणसाच्या डोक्यात आणि एका कपाटात असते. तो रजेवर गेला की काम थांबलं, बदली झाली की पुन्हा शोधाशोध. मुद्दाम केलेल्या लपवाछपवीपेक्षा मला ही सवय जास्त घातक वाटते. शेजारच्या टेबलालासुद्धा पत्ता नसतो, तर आपल्याला कोण सांगणार?

"लोकांना काय कळतंय त्यातलं?" हा ठरलेला प्रश्न. शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला जाऊन या. पाऊस किती पडला, पाणी किती उरलं याचा ताळेबंद तिथे ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. आमच्यासारखाच दुष्काळी टापू. आकडा सगळ्यांसमोर असतो म्हणूनच ऊस न लावायचा निर्णय पचतो, असं माझं मत.

फलकाला जागा नाही, हेही उत्तर ऐकलंय. घरपट्टी थकवणाऱ्यांची नावं लावायला मात्र ती बरोबर सापडते.