त्रयस्थाची जोखीम

दोन भाऊबंदांचा तंटा लागला आणि माल कोणाच्या हवाली ठेवावा हा प्रश्न निघाला, की नेरळच्या पेठेतील व्यापारीही एखाद्या त्रयस्थाचे नाव सुचवितात. त्या बिचाऱ्यास दोन्ही पक्षांच्या शिव्या खाव्या लागतात. पण त्याच्यावाचून तडजोड होत नाही. कोरियाच्या युद्धात हे काम हिंदुस्थानच्या वाट्यास आले, आणि कैदी सांभाळणाऱ्या फौजेचे आधिपत्य कोल्हापूरकडील वडगावच्या मेजर जनरल थोरात यांजकडे होते.

जून १९५१ मध्ये रशियाचे प्रतिनिधी मलिक यांनी युद्धविरामाची सूचना केली व जुलैत बोलणी सुरू झाली. पुढे ती अडली ती युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. १९४९ च्या जिनिव्हा करारान्वये प्रत्येक कैदी परत केलाच पाहिजे, असे रशिया व चीन म्हणत. कराराच्या ११८ व्या कलमाचे शब्द त्यांच्या बाजूचे होते, हे कोणाही प्रामाणिक वकिलास मान्य करावे लागेल. जो जाऊ इच्छित नाही त्यास बळाने धाडू नये, हे अमेरिकेचे म्हणणे माणुसकीचे होते. परंतु छावण्यांत चँग कै-शेक यांच्या हस्तकांची दहशत असता कैद्याचा नकार त्याचा स्वतःचाच कशावरून?

ना सक्तीने पाठवणी, ना सक्तीने अडवणूक, असा मधला मार्ग कृष्ण मेनन यांनी मांडला. रशियाचे परराष्ट्रमंत्री विशिन्स्की यांनी त्यावर कडाडून टीका केली. तरी ३ डिसेंबर १९५२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने तो ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. ५ मार्च १९५३ रोजी स्टालिन वारले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चाऊ एन-लाय यांनी परत न जाणारे कैदी तटस्थ राष्ट्राच्या हवाली करण्याचे तत्त्व पत्करले. रशियाचा नकार हा गरजेपुरता असतो. ती सरेपर्यंत व्यवहार्य मसुदा तयार ठेवणे हेच मध्यस्थाचे काम.

२७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. आमच्या फौजेकडे बावीस हजारांहून अधिक कैदी आले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आमच्या शिपायांस आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. त्यांस हेलिकॉप्टरने न्यावे लागले. कैद्यांनी एका हिंदी अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा थोरात निःशस्त्र आत गेले व गोळी न झाडता त्याची सुटका झाली. बहुतेक कैद्यांनी मायदेशी जाण्याचे नाकारले. जानेवारी १९५४ मध्ये ते ज्याच्या त्याच्या ताब्यात परत दिले गेले, तेव्हा उभय पक्षांनी आम्हांसच बोल लावला.

जिनिव्हाची १९५४ ची परिषद कोरियापुरती निष्फळ ठरली. तह अद्यापि झालेला नाही. तथापि तोफा थांबल्या, हे थोडे नव्हे. घरी बसून दोन्ही पक्षांस उपदेश करणे म्हणजे तटस्थता नव्हे. जोखीम अंगावर घेईल तोच तटस्थ. आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. साध्या कैद्याच्या संमतीसाठी जगाने युद्धविराम वर्षाहून अधिक काळ अडवून धरला. त्या संमतीचे कौतुक करणाऱ्या आम्ही आपल्या घरात लग्न ठरविताना मुलीची संमती विचारतो काय? जो न्याय पानमुनजोमला, तोच माजघरातही लागू झाला पाहिजे.