आई हसली तर काय बिघडतं?

मराठी माणसाला आई रडकीच आवडते. वाक्य जरा तिखट झालं, पण खोडणार नाही. आपल्याकडे आई म्हटलं की कंदिलाचा मिणमिणता उजेड, विटकं लुगडं, अर्धपोटी झोप आणि पदराने पुसलेले डोळे. पोरांच्या गमतींना पोट धरून हसणारी, ओरडता ओरडता हसू फुटलं म्हणून पटकन पाठ फिरवणारी आई घराघरात असते. पण ती भाषणात नसते, निबंधात नसते, आणि मे महिन्यातल्या मातृदिनाला जे गुलाबाच्या फुलांचे निरोप मोबाईलवर येऊन आदळतात त्यांत तर मुळीच नसते.

आता हे आजच का सुचलं? सांगते. आमच्या नातेवाईकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. माझ्या एका भाचेसुनेनं गेल्या महिन्यात त्यावर लिहिलं, "आज दहा मिनिटं बाथरूममध्ये एकटी बसले होते. दाराखालच्या फटीतून चार बोटं आणि पोळीचा तुकडा आत आला. म्हणे, आई, तुला भूक लागली असेल ना?" मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मी इतकी हसले की चहा सांडला. त्यावर आमच्यातल्याच एका ज्येष्ठांचं उत्तर आलं, "आमच्या वेळी आया मुलांपासून लपून बसत नव्हत्या. आईपण ही चेष्टा नव्हे." खाली तिघांचे हात जोडलेले. त्या दिवसापासून सूनबाईंनी गटावर एक अक्षर लिहिलेलं नाही. ज्यांनी हे उत्तर लिहिलं ते माझे लेख वाचतात. नातं आहे, राग मानू नये. पण मी गप्पही बसणार नाही.

मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, पाचवी ते दहावी. 'माझी आई' या विषयावरचे निबंध किती तपासले असतील त्याची गणती नाही, आणि खरं सांगायचं तर निबंध एकच होता. माझी आई पहाटे पाचला उठते. सगळ्यांच्या शेवटी जेवते. ती आजारी पडली तरी कोणाला सांगत नाही. गाईडमधलं उतरवलेलं. ज्या मुलाची आई सातला उठायची आणि सगळ्यांच्या आधी जेवून बँकेत जायची, तोही हेच लिहायचा. म्हणजे खऱ्या आईला घरी ठेवून निबंधासाठी दुसरी आई भाड्याने आणायची!

एकदा सहावीतल्या एका मुलीनं वेगळं लिहिलं. "माझ्या भावाने बाबांच्या चपला हौदात सोडल्या. आई आधी खूप ओरडली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात पदर घालून हसली. मला दिसलं." मी दहापैकी नऊ दिले. पेपर वर तपासायला गेले तेव्हा शेरा आला, 'आईची थोरवी आली नाही. गुण कमी करावेत.' मी कमी केले नाहीत. ते 'मला दिसलं' मला आजही पुरस्कार मिळालेल्या पुष्कळ कथांपेक्षा मोठं वाटतं.

ही निबंधातली आई आली कुठून? लोक लगेच 'श्यामची आई'कडे बोट दाखवतात. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये पुस्तक निघालं, १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ते पुस्तक मी वर्गात वाचून दाखवलं आहे आणि वाचताना माझा गळाही दाटून आला आहे. गुरुजींना नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण एक लक्षात घ्या. ते पुस्तक मुलानं लिहिलं आहे, आणि आई जाऊन बरीच वर्षं झाल्यावर लिहिलं आहे. गेलेल्या आईची आठवण व्याकूळ असणारच. श्राद्धाच्या पानावर बसून कोणी विनोद सांगत नाही. गुरुजींचं दुःख त्यांचं स्वतःचं होतं, सच्चं होतं. चूक केली ती नंतरच्यांनी. एका मुलाच्या विरहाचा त्यांनी साचा केला आणि जिवंत, धडधाकट, हसऱ्या आयांना त्यात कोंबायला सुरुवात केली.

बरं, ही म्हणे आपली परंपरा! कुठली परंपरा? यशोदेची आठवण करा. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्णानं दह्याचं मडकं फोडलं, तेव्हा ती हातात काठी घेऊन त्याच्यामागे धावते, दमते, घामाघूम होते. पकडून उखळाला बांधायला जाते तर दोरी दोन बोटं कमी पडते. आणखी दोरी जोडली तरी दोनच बोटं कमी! कीर्तनकार त्याचा आध्यात्मिक अर्थ सांगतात, तो खरा असेलही. पण दोन वर्षांच्या पोराला स्वेटर घालायचा प्रयत्न ज्या बाईनं केला आहे तिला ही दोन बोटं कीर्तनाशिवाय समजतात. नाथांच्या गवळणी घ्या, जात्यावरच्या ओव्या घ्या. तिथे तान्ह्याचं कौतुक आहे, खोड्या आहेत, शेजारणींची गाऱ्हाणी आहेत. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'? १९३४ पासून चार भागांत निघालेलं ते पुस्तक 'श्यामची आई'च्याच काळातलं. लक्ष्मीबाईंच्या संसारात हाल थोडे नव्हते, पण बाई स्वतःला हसते, टिळकांना हसते, आणि हसत हसत सगळं खरं सांगते. फरक हा, की इथे बाईनं स्वतः लिहिलं.

तर आता मुद्द्याचं. आई हसरी असो की रडकी, एवढा जीव का काढायचा? कारण त्यात कामाचा प्रश्न आहे. त्याग हा शब्द फार सोयीचा आहे. कामाची वाटणी करता येते, त्यागाची करता येत नाही. 'भांडी घासणं' हे काम आहे, तेव्हा निम्मी तुम्ही घासा म्हणता येतं. 'आईची माया' म्हटलं की निम्मी कोणी मागायची? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ८८, असं दिसलं. मुलंबाळं सांभाळण्याचा वेळ त्याहून वेगळा. या २८९ मिनिटांना थोरवीची आरती ओवाळली की ८८ वाल्याची सुटका होते.

आणि गंमत अशी, की आईचा विनोद हा तिच्या कामाचा सगळ्यात प्रामाणिक हिशोब असतो. दाराखालून आलेली चार बोटं या एका ओळीत काय काय आहे बघा. दिवसभर माणूस एकटं नाही. दहा मिनिटंसुद्धा चोरून घ्यावी लागतात. घरात त्या वेळी दुसरं कोणी मोठं नाही. आणि तरी ते पोर किती लाघवी आहे! हे चारही 'मातृत्व हे महान व्रत आहे' या वाक्यात शोधून दाखवा. ज्यांनी हात जोडले त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही, की सूनबाई, पोराचे बाबा तेव्हा कुठे होते?

शिवाय हसायला आधी लक्ष असावं लागतं. मूल काय बोललं हे नेमकं ऐकलं तरच हसू येतं. माझा थोरला 'केलं' न म्हणता 'करलं' म्हणायचा, 'दिलं'च्या जागी 'देलं'. बसणेचं बसलं, तर करणेचं करलं का नाही? नियम तो पाळत होता, अपवाद आपण करून ठेवले आहेत. बी.ए.ला मराठी घेऊनही व्याकरण मला खरं कळलं ते त्याला भरवताना. आणखी एक. मुलगा असून तो 'मी जाते, मी खाते' म्हणायचा. काकालोक त्याला चिडवायचे. अहो, दिवसभर ज्या माणसाच्या मागे तो फिरत होता ते माणूस 'जाते, खाते' म्हणत होतं! 'परवा येणार' आणि 'परवा गेले' यांत तो गोंधळायचा, तर तो दोष मराठीचा. एकच शब्द मागे पण लावायचा आणि पुढे पण. कोर्नेय चुकोव्स्की या रशियन लेखकानं १९२८ मध्ये लहान मुलांच्या अशाच बोलण्यावर पुस्तक काढलं. ते पुढे 'दोन ते पाच' अशा अर्थाच्या नावानं गाजलं, आणि आईवडिलांच्या पत्रांमधून आवृत्तीगणिक वाढत गेलं. तिकडे आयांच्या गमतींचं शास्त्र झालं. इकडे आपण म्हणतो, चेष्टा नव्हे.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशोबाशेजारी, एकेक ओळ लिहून ठेवायची. १९८१ च्या पानांवरून थोड्या देते.

"आजोबांनी विचारलं, शाळेत काय शिकवलं? थोरला म्हणाला, रांगेत उभं राहायला."

"पोळी मोडून दिली म्हणून रडारड. जोडून दे म्हणे. पाणी लावून जोडून पाहिली. जोडली जात नाही."

"धाकटी म्हणते, आई, तू लहान झालीस की मी तुला कडेवर घेईन."

ही पानं मुलांना आवडतात. मी किती वाजता उठायचे ते कोणी विचारत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. मुलाबरोबर हसणं वेगळं आणि मुलाला हसणं वेगळं. रडणाऱ्या पोराचा व्हिडिओ काढत बसायचं, त्याच्या शी-शूच्या गोष्टी फोटोसकट जगभर पाठवायच्या, पाहुण्यांसमोर बोबडं बोलायला लावायचं, हे मला पटत नाही. पुढे तो पंधरा वर्षांचा होणार आहे, आणि त्याचे मित्रही ते बघणार आहेत. माझी कसोटी साधी आहे. ही गोष्ट तो मोठा झाल्यावर त्याला सांगितली तर तोही हसेल का? हसेल तर खुशाल लिहा. पोळीचा तुकडा या कसोटीला शंभर टक्के उतरतो.

दुसरा आक्षेप, की हसण्यानं आईचा मान जातो. वर्गात माझा अनुभव उलटा आहे. ज्या बाईंना हसता येत नाही त्यांना मुलं घाबरतात, आणि घाबरलेली मुलं खरं सांगत नाहीत. घरातही तेच. आईला हसताना पाहिलेलं मूल, फुटलेली काचेची बरणी लपवत नाही.

तेव्हा शिक्षकांना विनंती, निबंध द्यायचाच असेल तर 'माझी आई कधी हसते' असा विषय देऊन बघा. वह्या तपासताना झोप येणार नाही. लेकीसुनांना विनंती, लिहा, आणि कोणी हात जोडले म्हणून थांबू नका. आणि माझ्या घरच्या मंडळींना आत्ताच सांगून ठेवते. पंचाहत्तरी उलटली आहे, कधीतरी माझ्याबद्दल दोन शब्द बोलायची वेळ येणारच. तेव्हा 'त्यागमूर्ती' वगैरे म्हणाल तर याद राखा. म्हातारी फार हसायची, असं म्हणा. आणि कॅलेंडरातली एखादी ओळ वाचून दाखवा.